संप्रेरक तेच, रंग वेगळा: माठाच्या कोंबातले क्षार

लाल माठाचं बी अंधारात रुजवून पाहिलंत तर वर येणारा कोंब लाल नसतो. पांढरट-पिवळा, लांबट, बारीक दांडा आणि टोकाला मिटलेली दोन इवली बीजपत्रं. लालीचा अंश असलाच तर अगदी पुसट. हाच कोंब उजेडात ठेवला की दांड्यावर हळूहळू गुलाबी छटा येते आणि एक-दोन दिवसांत तो चांगला रंगतो. उजेड मिळाल्याशिवाय हे रोप रंगावर फारसा खर्च करत नाही, इथपर्यंत गोष्ट सरळ आहे.

पण त्या कोंबाला अंधारातच सायटोकायनिन नावाच्या वनस्पती-संप्रेरकाचं अगदी पातळ द्रावण दिलं, तरीही तो लाल होतो. उजेडाचा एक कणही न बघता. १९६० साली बॅम्बर्गर आणि मेयर या संशोधकांनी माठाच्या एका रानटी भाईबंदात हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून माठ-राजगिऱ्याची रोपं संप्रेरकांच्या अभ्यासकांच्या हाताशी कायम राहिली. अतिसूक्ष्म प्रमाणात दिलेल्या पदार्थाचं उत्तर नुसत्या डोळ्यांनी दिसावं, अशी सोय जीवशास्त्रात फार ठिकाणी नसते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग मात्र संप्रेरकाचा नाही, पाण्याचा आहे. संप्रेरक तेवढंच ठेवलं आणि कोंब ज्या पाण्यात पडून आहेत त्यातले क्षार बदलले, तर येणारा रंगही बदलतो. संप्रेरकाने हुकूम सोडायचा आणि झाडाने तो पाळायचा, असं चित्र आपल्या मनात असतं. माठाचा कोंब हे चित्र अपुरं असल्याचं दाखवतो. संप्रेरकाचं म्हणणं पेशीपर्यंत पोचलं तरी त्यावर किती काम होईल, हे आजूबाजूला कोणते खनिज आयन किती आहेत यावरही ठरतं.

आयन म्हणजे काय, ते आधी सांगतो. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन भाग सुटे होतात. एकावर धन विद्युतभार, दुसऱ्यावर ऋण. असे भार असलेले सुटे कण म्हणजे आयन. विहिरीच्या पाण्यात, मातीत, खताच्या द्रावणात आणि आपल्या रक्तातही ते असतात. पोटॅशियम आणि सोडियमवर एक धनभार असतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर दोन. नायट्रेट आणि फॉस्फेट ऋणभाराचे. हा भारांचा फरक पुढे कामाला येणार आहे.

सायटोकायनिन हा एकच पदार्थ नव्हे, ते एक कुटुंब आहे. त्यातला पहिला सदस्य, कायनेटिन, १९५५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मिलर, स्कूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला, तोही हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएमधून. तंबाखूच्या पेशींचं विभाजन सुरू करून देणारा हा पदार्थ होता. झाडात नैसर्गिकरीत्या असणारं झिएटिन पुढे १९६० च्या दशकात मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून मिळालं. याच कुटुंबातलं ६-बीए हे नाव नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना चांगलं ओळखीचं आहे. खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात सूक्ष्मघडनिर्मिती व्हावी म्हणून ते फवारलं जातं.

आता रंगाकडे वळू. माठाचा लाल रंग म्हणजे बीटासायनिन. बीट, राजगिरा, मायाळूच्या वेलीचा लाल दांडा, कोंबड्याचं फूल, बोगनवेल, गुलबक्षी, फड्या निवडुंगाची बोंडं आणि ड्रॅगन फ्रूटचा लाल गर यांतला रंग याच गटातला. जांभूळ, कोकम, लाल कोबी, जास्वंद, गोकर्ण यांचा रंग मात्र अँथोसायनिनचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच भासतात, पण त्यांची घडण निराळी आहे. बीटासायनिनमध्ये नायट्रोजन असतो, अँथोसायनिनमध्ये नसतो. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं, बीटच्या पाण्यात पिळलं तर लाल ते लालच राहतं. आजवर तपासलेल्या कुठल्याही झाडात हे दोन्ही रंग निसर्गतः एकत्र सापडलेले नाहीत. असं का, यावर वनस्पतिशास्त्रात अजून वाद झडतात, आणि हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे.

हा रंग पेशीत कुठे असतो, हे स्वयंपाकघरात दिसतं. माठाची लाल पानं गार पाण्यात धुतली तर पाणी फारसं रंगत नाही. तीच पानं कढईत गरम झाली की सुटलेलं पाणी लालभडक होतं आणि भाताला लागतं. रंग पेशीच्या आतल्या एका मोठ्या पिशवीत, रिक्तिकेत, साठवलेला असतो. पिशवीचा पडदा शाबूत आहे तोवर रंग बाहेर येत नाही. उष्णतेने पडदे फुटतात आणि रंग वाहून येतो. बर्फात गोठवून परत वितळवलं तरी तेच होतं. प्रयोगशाळेत कोंबांतला रंग मोजण्यासाठी काढतात तो याच गोठवण्या-वितळवण्याच्या युक्तीने.

रंग तयार होण्याची सुरुवात टायरोसिन या अमिनो आम्लापासून होते. एक एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडून डोपा बनवतो. डोपाचा एक वाटा दुसऱ्या एन्झाइमकडे जातो आणि त्याच्या रेणूतलं कडं फुटून पिवळं बीटालॅमिक आम्ल तयार होतं. दुसऱ्या वाट्याचं वेगळं कडं बनतं. हे दोन तुकडे एकमेकांना जोडले गेले की लाल रंग उमटतो, आणि गंमत म्हणजे ही जोडणी व्हायला एन्झाइमची गरजच पडत नाही, ती आपोआप होते. शेवटी त्याला साखर जोडली जाते आणि रंग रिक्तिकेत जातो. कडं फोडणाऱ्या एन्झाइमचं वनस्पतीतलं जनुक २००४ मध्ये चिनी गुलाबात सापडलं. डोपाचं दुसरं कडं बनवणारं जनुक २०१२ मध्ये बीटमध्ये ओळखलं गेलं.

या दोन्ही एन्झाइमांच्या कामाच्या जागी लोह असतं. म्हणजे खनिजाचा संबंध थेट रंगाच्या घडणीतच आहे. संप्रेरकाने कितीही जोर लावला तरी लोहाविना कडं फुटणार नाही. मात्र लोह अगदी थोडं लागतं आणि ते बियातच साठवलेलं असतं, त्यामुळे तीन-चार दिवसांच्या कोंबाला ते सहसा कमी पडत नाही. खरी रंगत आहे ती जास्त प्रमाणात लागणाऱ्या आणि झपाट्याने ये-जा करणाऱ्या आयनांत.

त्याआधी ही चाचणी प्रत्यक्ष कशी करतात ते जवळून पाहू, कारण सगळा मुद्दा तिच्या तपशिलात दडला आहे. १९७३ मध्ये बिडिंग्टन आणि थॉमस यांनी जी पद्धत मांडली तीच पुढे रूढ झाली. राजगिऱ्याच्या एका जातीचं बी अंधारात, २५ अंश सेल्सिअसला, सुमारे तीन दिवस रुजवायचं. मग मंद हिरव्या दिव्याखाली, कारण हिरव्या उजेडाचा रोपावर परिणाम सर्वांत कमी होतो, प्रत्येक कोंबाचं मूळ आणि बियाचं साल काढून टाकायचं. उरतात दोन बीजपत्रं आणि त्यांच्याखालचा थोडासा दांडा. मूळ काढण्याला महत्त्व आहे. झाडात सायटोकायनिनचा मोठा पुरवठा मुळाकडून होतो, त्यामुळे ते तोडलं की रोपाचं स्वतःचं संप्रेरक कमी होतं आणि आपण बाहेरून दिलेल्याचा परिणाम स्पष्ट दिसतो.

हे तुकडे एका बशीत, ओल्या कागदावर ठेवतात. कागद ज्या द्रावणाने भिजवलेला असतो त्यात तीन गोष्टी असतात: तपासायचं सायटोकायनिन, कच्चा माल म्हणून टायरोसिन, आणि सामू, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा, स्थिर ठेवण्यासाठी सोडियम-पोटॅशियमचं फॉस्फेट. पुन्हा अंधार, अठराएक तास. मग गोठवून-वितळवून रंग पाण्यात उतरवायचा आणि तो ५४२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो ते मोजायचं. पाण्याच्या गढूळपणामुळे आकडा फुगू नये म्हणून ६२० नॅनोमीटरचं मोजमाप त्यातून वजा करतात.

आता प्रमाणं बघा. कायनेटिन लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमचा पाचवा भाग टाकला, तरी कोंब उत्तर देतो. त्याच पाण्यातले सोडियम, पोटॅशियम आणि फॉस्फेटचे आयन, कणांच्या संख्येत मोजले, तर संप्रेरकाच्या हजारो पट असतात. चाचणी करणाऱ्याच्या लेखी ती नुसती पार्श्वभूमी होती, सामू सांभाळण्यापुरती. पण रोपाच्या लेखी पार्श्वभूमी असं काही नसतं. त्याच्या दृष्टीने तो पोटॅशियमचा आणि फॉस्फेटचा भरघोस पुरवठा असतो. १९७९ मध्ये डी. सी. एलियट यांनी नेमका हाच धागा पकडला आणि माठाच्या कोंबात सायटोकायनिनमुळे होणाऱ्या रंगनिर्मितीवर आयनांचं नियंत्रण कसं चालतं, हाच आपल्या शोधनिबंधाचा विषय केला. दुसऱ्यांनी ज्याला नुसतं माध्यम म्हणून सोडून दिलं होतं तिथे प्रश्न विचारायला वेगळी नजर लागते, आणि मला त्या नजरेबद्दल मनापासून आदर आहे.

पोटॅशियम काय करतं? संप्रेरकाने रंग यायचा तर पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात. प्रथिननिर्मिती थांबवणारी औषधं दिली तर सायटोकायनिन असूनही कोंब लाल होत नाही, हे या रोपांत दाखवलं गेलं आहे. आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोम पोटॅशियमशिवाय नीट चालतच नाहीत. पेशीच्या आतल्या द्रवात धनभाराचा सर्वांत मुबलक आयन पोटॅशियमच आहे. कित्येक एन्झाइमांना आपला योग्य आकार धरायला तो लागतो. शिवाय पेशीत पाणी ओढून तिला टरटरीत ठेवण्याचं कामही त्याचंच. संप्रेरकाने काम वाढवलं की या सगळ्याची मागणी वाढते, आणि मूळ कापलेल्या कोंबाला बाहेरून पोटॅशियम मिळण्याची एकच वाट उरते, ती म्हणजे बशीतलं पाणी.

हे फक्त माठापुरतं नाही. काकडीच्या अंधारात वाढलेल्या बीजपत्रांना सायटोकायनिन देऊन मग उजेडात आणलं तर त्यांच्यात हरितद्रव्य जास्त तयार होतं. हीदेखील संप्रेरक मोजण्याची एक जुनी चाचणी आहे. १९८२ मध्ये फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी तिच्या द्रावणात पोटॅशियम क्लोराइड मिसळलं आणि चाचणी कितीतरी तीक्ष्ण झाली. संप्रेरक तेवढंच, पण हिरवेपणा ठळक. रंग वेगळा, रोप वेगळं, कुळ वेगळं, तरी सायटोकायनिन आणि पोटॅशियमची जोडी दोन्हीकडे भेटते. त्याच बीजपत्रांची वाढ तपासणाऱ्यांनाही ही जोडी भेटली होती.

इथे एक सावधगिरी हवी. पोटॅशियम क्लोराइड टाकलं आणि रंग वाढला, तर श्रेय पोटॅशियमचं की क्लोराइडचं? की पाण्याच्या एकूण खारटपणाचं? यासाठी जोडीचे प्रयोग करावे लागतात: पोटॅशियम क्लोराइडच्या शेजारी पोटॅशियम सल्फेट, त्याच्या शेजारी सोडियम क्लोराइड, आणि पेशीतलं पाणी तेवढ्याच जोराने ओढणारं पण आयन नसलेलं, मॅनिटॉलसारख्या पदार्थाचं द्रावण. चारही बशा एकमेकींशी ताडून पाहिल्या की मगच कोणता आयन काम करतोय ते कळतं. क्षारांवरचा प्रयोग वाचताना मी आधी या शेजारच्या बशा शोधतो. त्या नसतील तर निष्कर्षावर फार भरवसा ठेवत नाही.

कॅल्शियमची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते सर्वांत रोचक. पोटॅशियम पेशीत भरपूर असतं आणि भरपूरच लागतं. कॅल्शियमचं उलट. पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसल्यातच जमा असतं. पेशीभित्तीत आणि रिक्तिकेत मात्र ते त्याच्या हजारो पट, दहा हजार पटीपर्यंतही असतं. एका बाजूला काठोकाठ पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं पात्र, अशा दरवाजे बंद असलेल्या धरणासारखी ही अवस्था आहे. पेशी सतत ऊर्जा खर्च करून कॅल्शियम बाहेर ढकलत राहते, ते याचसाठी की एखादा दरवाजा क्षणभर उघडला तरी आतली पातळी एकदम चढावी आणि पेशीला काहीतरी घडल्याची खबर लागावी. कॅल्शियम इथे कच्चा माल नाही, ते खुणेचं काम करतं.

ही खूण ओळखणारं एक लहानसं प्रथिन आहे, कॅल्मोड्युलिन. त्यावर कॅल्शियम बसायच्या चार जागा असतात. त्या भरल्या की प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते इतर एन्झाइमांना जाऊन चिकटतं, त्यांना चालू किंवा बंद करतं. माणसात, माशात, माठात, सगळीकडे ते जवळपास सारखंच आहे.

सायटोकायनिनच्या कामात कॅल्शियमचा हात असावा, हा संशय १९८० च्या सुमारास बळावला. १९८२ मध्ये सॉन्डर्स आणि हेपलर यांनी फ्युनेरिया या शेवाळ्यावर एक देखणा प्रयोग केला. या शेवाळ्याला सायटोकायनिन दिलं की त्याच्या तंतूंवर कळ्या धरू लागतात. त्यांनी सायटोकायनिन दिलंच नाही. त्याऐवजी पडद्यातून कॅल्शियम आत नेणारं एक रसायन दिलं. कळी धरण्याआधीचं पहिलं पेशीविभाजन तेवढ्यानेही सुरू झालं. संप्रेरकाचं निदान एक पाऊल तरी कॅल्शियमच्या वाटेने पडतं, असा याचा अर्थ.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, एलियट यांनी माठाच्या कोंबांना कॅल्मोड्युलिनला अडकवून ठेवणारी औषधं दिली. त्यांत क्लोरप्रोमाझिनसारखी, मनोविकारांवर वापरली जाणारी औषधंही होती. सायटोकायनिन असूनही रंग दबला. निष्कर्ष मोहात पाडणारा आहे: संप्रेरकाचं म्हणणं कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिनमार्फत पुढे जातं. पण ही औषधं नुसतं कॅल्मोड्युलिनच अडवत नाहीत, पेशीच्या पडद्यांतही घुसतात आणि इतर प्रथिनांनाही त्रास देतात. त्यामुळे हा पुरावा मजबूत असला तरी अखेरचा म्हणता येत नाही. सायटोकायनिनचे रिसेप्टर, म्हणजे ते ज्यांना चिकटतं ती पेशीतली प्रथिनं, २००१ च्या सुमारास अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात ओळखले गेले, तेव्हा जी मुख्य वाट दिसली ती फॉस्फेटच्या हस्तांतरणाची निघाली. रिसेप्टरवरचा फॉस्फेट गट एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोचतो आणि तिथे जनुकं चालू होतात. कॅल्शियम या वाटेला समांतर किंवा तिच्यावर बाजूने दाब देणारं आहे, असं म्हणणं मला जास्त रास्त वाटतं.

या वाटेवर मॅग्नेशियमही गुपचूप हजर असतं. रिसेप्टर फॉस्फेट घेतो तो एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून, आणि पेशीतलं एटीपी बहुतेक वेळा मॅग्नेशियमला धरूनच वावरतं. रायबोसोमचे दोन भाग एकत्र राहायलाही तेच लागतं.

कॅल्शियमबद्दल आणखी एक गुंता आहे आणि तो घरच्या बीटवर दिसू शकतो. बीटच्या सारख्या मापाच्या पातळ चकत्या करा, कापताना फुटलेल्या पेशींचा रंग जाईपर्यंत गार पाण्याने धुवा, आणि मग वेगवेगळ्या पाण्यांत ठेवा. कॅल्शियम असलेल्या पाण्यात चकत्यांमधून रंग कमी झिरपतो. दोन धनभारांचा हा आयन पडद्यातल्या ऋणभाराच्या टोकांना जवळ धरून ठेवतो आणि पडदा घट्ट राहतो. आता विचार करा: माठाच्या कोंबात एखाद्या क्षारामुळे रंग कमी भरला, तर तो कमी तयार झाला की तयार होऊन बशीतल्या पाण्यात गळून गेला? दोन्ही शक्य आहे. म्हणून कोंबातल्या रंगाबरोबर बशीत उरलेल्या पाण्याचाही रंग तपासावा लागतो. क्षार रंगाच्या निर्मितीवर आणि साठवणीवर एकाच वेळी परिणाम करू शकतात, हे ध्यानात ठेवलं नाही तर आकडे अगदी बरोबर येऊनही अर्थ चुकतो.

आतापर्यंत संप्रेरक बाहेरून दिलं होतं. शेतातलं रोप ते स्वतः बनवतं, आणि तिथे आयनांचा हात आणखी आधीपासून लागतो. मुळाला नायट्रेट मिळालं की सायटोकायनिन बनवण्याच्या पहिल्याच पायरीचं एक जनुक जोरात चालू होतं. अरॅबिडॉप्सिसमध्ये हे २००४ च्या आसपास स्पष्ट झालं. तयार झालेलं सायटोकायनिन मुळातून वर चढणाऱ्या रसाबरोबर पानांकडे जातं आणि खाली नत्र आलं आहे, वाढ करा, असा निरोप पोचवतं. म्हणजे नायट्रेट हा आयन अन्नही आहे आणि संप्रेरकाचा उगमही तोच हलवतो. फॉस्फेटचं नातं दोन्ही बाजूंनी चालतं. स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, टंचाई झाली की झाडातलं सायटोकायनिन घटतं, आणि उलट सायटोकायनिन वरून दिलं तर टंचाईच्या वेळी चालू होणारी काही जनुकं दबतात.

इथून शेतात दिसणाऱ्या रंगांकडे जायचा मोह होतो. मका लहान असताना, गार जमिनीत, पानांच्या कडा जांभळ्या पडतात आणि शेतकरी लगेच ओळखतात की स्फुरद कमी पडतंय. विदर्भ-मराठवाड्यात कपाशीवर येणारा लाल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यात मॅग्नेशियमची कमतरता हे एक मोठं कारण धरतात आणि मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. नत्राची उपासमार, रात्रीची थंडी, तुडतुडे हेही त्याला हातभार लावतात. पण मका आणि कपाशीतला हा रंग अँथोसायनिन आहे, माठातला बीटासायनिन. अँथोसायनिनमध्ये नायट्रोजन नसतो, त्यामुळे नत्राची उपासमार असताना तो बनवणं झाडाला परवडतं. प्रकाशातून आलेली साखर वाढीसाठी वापरली जात नाही, ती साचते, आणि साचलेली साखर या रंगाची जनुकं चालू करते. बीटासायनिनला कच्चा माल म्हणून अमिनो आम्लच लागतं. म्हणून माठाच्या बशीत पाहिलेला नियम उचलून कपाशीच्या शेतात लावता येत नाही. जांभळं पान म्हणजे अमुकच अन्नद्रव्य कमी, हे ठोकताळे पिकागणिक वेगळे असतात, आणि शंका आली तर पान आणि माती तपासून घेणंच शहाणपणाचं.

द्राक्षाकडे मात्र एक धागा खरोखर जातो. सूक्ष्मघडनिर्मितीच्या काळात जाणते बागायतदार नुसतं ६-बीए फवारून थांबत नाहीत. त्याच सुमारास स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) देतात, नत्र आवरतात, फवारणीच्या पाण्याचा सामू बघतात. काडीतल्या डोळ्याचं शास्त्र माठाच्या कोंबाहून वेगळं आहे, तरी संप्रेरकाबरोबर आयनांचाही हिशेब मांडावा लागतो हे त्यांच्या वेळापत्रकात केव्हाच उतरलेलं आहे. दोन बागांत एकाच मात्रेचं ६-बीए वेगवेगळं फळलं, तर बाटलीला दोष देण्याआधी देठ-परीक्षणाचा अहवाल पाहावा, असं मी म्हणेन.

घरी यातलं काय करून पाहता येईल? संप्रेरकाचा प्रयोग घरी करू नये. ती रसायनं हाताळायची नसतात आणि प्रमाण काटेकोर लागतं. पण बाकी बरंच दिसतं. लाल माठाचं बी घ्या, किंवा न भाजलेला राजगिरा. ओल्या कापसावर दोन डब्यांत पेरा, एक उजेडात, दुसरा घट्ट झाकून कपाटात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन्हींतले मूठभर कोंब शेजारी-शेजारी ठेवून दांडे पाहा. मग प्रत्येकातले सारखेच कोंब मोजून, चमचाभर पाण्यात, फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी वितळू द्या. वितळलेलं पाणी पांढऱ्या बशीत ओतलं की उजेडातल्या कोंबांचं पाणी आणि अंधारातल्यांचं पाणी यांतला फरक डोळ्यांना कळतो.

बोअरचं पाणी आणि आरओचं पाणी वापरून रंग बदलतो का, असाही प्रश्न तुमच्या मनात आला असेल. अख्ख्या कोंबावर हा फरक सहसा ठळक दिसणार नाही, आणि त्याचं कारण बियात आहे. बियाने पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम फायटेटच्या रूपात आधीच बांधून ठेवलेलं असतं. रुजताना फायटेज नावाचा एन्झाइम ते सोडवतो आणि कोंबाला पुरवतो. पहिल्या काही दिवसांत रोप बाहेरच्या पाण्यापेक्षा या शिदोरीवरच जास्त जगतं. संशोधकांना मूळ कापून, कोंबाचे तुकडे करून, मोजूनमापून क्षारांच्या पाण्यात ठेवावे लागले, ते याचसाठीही. तुमच्याकडे पाण्याचा फरक पाहायचाच असेल तर बीटच्या चकत्या घ्या. त्यांतला रंग आधीच तयार आहे, आणि कडक पाण्यात तो किती धरून राहतो हे तासाभरात दिसायला लागतं.